पोरीले गाडी लागत नव्हती

कपाशीवर मारायचं विष शेताच्या बांधा-धुऱ्यापाशी येऊन थांबतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मलाही कोणी सांगितलं नव्हतं, पण मी तसंच धरून चालले होते. विष फवारणाऱ्याच्या छातीत जातं, विहिरीत उतरतं, धुऱ्यावरच्या गवतातून म्हशीच्या दुधात येतं, इथपर्यंत माझ्या पत्रकांची धाव होती. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील ती लिहायचे, आई घड्या घालायची, मी बाजारात वाटायची. पुढे मीच लिहू लागले. बोंडअळीवर लिहिलं, नकली बियाण्यावर लिहिलं, बीटी बियाणं आल्यावर फवारा सुटेल असं सांगणाऱ्यांवर लिहिलं. हेच विष खामगावजवळच्या पिंपळगाव राजा या गावात, एका गॅरेजमध्ये, भर दुपारी, एका टर्बो गाडीच्या बॉनेटखालून बाहेर पडेल आणि रशीद मिस्तरींना गाठेल, हे मात्र माझ्या कोणत्याही पत्रकात नव्हतं. त्या दुपारचा धक्का अजून ओसरलेला नाही.

रशीद मिस्तरींना सगळे मिस्तरी म्हणत, मी चाचा म्हणायची. पहिली भेट झाली ती पत्रक द्यायला गेले तेव्हा. फवारताना नाकातोंडाला फडकं बांधा, वाऱ्यासमोर तोंड करून फवारू नका, असं ते पत्रक. त्यांनी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, आणि मग शांतपणे त्यालाच हात पुसले. माझा चेहरा पाहून म्हणाले, "रागाऊ नको. वाचल्याबिगर मी कोनताच कागद पुसाले घेत नाही. तुह्यासमोरच वाचला ना?"

"वाचलात तर कसं वाटलं?"

"चांगलं हाय. फक्त खाली लिहिलं, जागे व्हा. आमी अजानच्या वक्ताले उठतो. तू केवढ्याले उठते?"

समोरच्या चहाच्या हॉटेलातली माणसं हसली. मी नऊला उठते हे मी सांगितलं नाही.

असा हा माणूस होता. भांडखोर, तोंडाळ, आणि स्वतःवर बेहद्द खूश. गॅरेजला नावाची पाटी नव्हती, कारण त्यांच्या मते ज्याला रशीद मिस्तरी माहीत नाही त्यानं गाडीच घेऊ नये. खरा गर्व मात्र नाकाचा होता. प्लग काढला की आधी नाकाशी जाई, ऑइलची काडी नाकाशी, सायलेन्सरचा धूरही वाकून हुंगणार. या नाकापायी ते तंबाखूचा खर्रा खात नसत, बिडी ओढत नसत, आणि ईदलासुद्धा अत्तर लावत नसत. "सारा गाव गुलाबावानी घमघमते अन् आमचा हा मानूस ग्रीसवानी," असं सलमाचाची माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या होत्या. त्यावर चाचा म्हणाले, "अत्तरानं नाक झोपते. माहं नाक झोपलं त तू काय खाशीन?"

गाडी आली की ते लगेच बॉनेट उघडत नसत. आधी मालकाची उलटतपासणी चाले. कधीपासून अडखळते? थंडी असताना का तापल्यावर? चढावर का सरळीला? कोणत्या गेअरमध्ये? कोण चालवतं, तू की तुझा साळा? गाडी कुठं उभी असते? मग मालकाला चालवायला बसवून ते स्वतः मागच्या सीटवर बसत, डोळे मिटून. गाणं बंद, बोलणं बंद. खामगाव रस्त्यानं जाऊन येईपर्यंत ते फक्त "तिसरा टाक", "आता दाब", "आता सोड" एवढंच बोलत. "गाडीले तोंड नाही," ते म्हणायचे, "म्हून मालक तिच्या नावानं खोटं बोलते. डाक्टरसमोर शर्ट काढतेत, मिस्तरीसमोर खरं सांगाले लाजतेत."

नव्या गाड्यांसाठी त्यांनी कॉम्प्युटरचं यंत्रही घेतलं होतं. ते गाडीला जोडलं की पडद्यावर बिघाडाचा आकडा येई. पण यंत्राबद्दल त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. "हे तलाठ्यावानी हाय. घरी बसून नोंद करते. वावरात काय झालं ते आपल्यालेच जाऊन पाहा लागते."

कापसाच्या हंगामात एकदा जिनिंगच्या मालकाची गाडी आली. नवी, महागडी, आणि जोर लावला की खोकणारी. शोरूमवाल्यांनी दोनदा पेट्रोलची टाकी साफ करून दिली होती. चाचांनी विचारलं, "उभी कुठी करता?" मालक म्हणाले, "जिनिंगमध्येच. सावलीत, पंख्याच्या मागच्या बाजूले." चाचांनी एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आतली जाळी बाहेर काढून सगळ्यांसमोर धरली. रुईचा पांढरा जाड थर. "घ्या," ते म्हणाले, "एक उशी भरून होते. गाडीले श्वास घेऊ द्या शेठ, तिले गादी नोका चारू."

ते नेहमी बरोबरच असत असं मात्र नाही. एका गुरुजींच्या गाडीची ठिणगी पाडणारी कॉइल गेली म्हणून त्यांनी छातीठोक सांगितलं, नवी बसवली, आणि गाडी गेटबाहेर पडताच पुन्हा झटके मारू लागली. फाटला होता टर्बोचा पाइप. चाचा दिवसभर गॅरेजबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी हॉटेलात येऊन स्वतःच सगळ्यांना ते सांगत बसले, मीठमसाला न लावता. मी विचारलं, कशाला सांगता? तर म्हणाले, "माही चूक मीच सांगीन. दुसऱ्यानं सांगतली त तो वाढवून सांगन."

या चुकीनंतरच त्यांनी लोबानाची युक्ती काढली. दर्ग्यावर जाळतात तो लोबान. एका डब्यात निखाऱ्यावर तो टाकायचा, आणि सायकलच्या पंपानं त्याचा धूर इंजिनाच्या हवेच्या वाटेत ढकलायचा. पाइप कुठंही फाटला असेल तर तिथून पांढरी रेघ निघते. त्यामुळे गॅरेजमध्ये अधूनमधून असा वास येई, की रस्त्यावरून जाणाऱ्या म्हाताऱ्या बाया डोक्यावर पदर घेत.

त्या दिवशीही लोबान जळत होता.

गाडी सोनाळ्याहून आली होती. सुधाकरभाऊंची. भाजीपाला आणि कापूस करणारा, बाजारात स्वतः माल विकणारा हुशार माणूस. गाडी छोटीच, पण टर्बो पेट्रोल, हातानं गेअर टाकायची. तिसऱ्यात जोर दिला की मिसिंग मारायची, म्हणजे झटके देत अडखळायची, आणि पाय सोडला की सायलेन्सरमधून फाट-फाट आवाज. जवळच्या दोन मिस्तरींना ते सापडलं नव्हतं. सोबत त्यांची मुलगी होती, आरू, सहासात वर्षांची. ती उतरली तीच रस्त्याच्या कडेला ओकायला. हातात लिंबू धरलेलं होतं, वास घ्यायला.

"तिले गाडी लागते," सुधाकरभाऊ म्हणाले. "पह्यले नव्हती लागत. हे झटके सुरू झाले तवापासून लागून राह्यली."

"झटके मारनाऱ्या गाडीत बसून मले बी ओकारी होईन," चाचा म्हणाले. "झटके बंद झाले की ओकारी बंद. पोरीले सोडा पाज."

मी आरूला हॉटेलात घेऊन बसले. तिला घाम सुटला होता आणि तोंडाला सारखं पाणी येत होतं. सोडा तिनं घेतला नाही.

चाचांची तपासणी पद्धतशीर झाली. मागच्या सीटवर बसून फेरी, मग तलाठी जोडला. तलाठी म्हणाला, इंजिनाच्या एका खणात, म्हणजे सिलिंडरमध्ये, पेट्रोल नीट पेटत नाही. चाचांनी त्या खणाची कॉइल काढून शेजारच्या खणाला लावली. बिघाड कॉइलबरोबर सरकला नाही, म्हणजे कॉइल निर्दोष. प्लग काढले, तर सगळे काळे, काजळी धरलेले, पेट्रोलचा वास मारणारे. "पेट्रोल जास्त होऊन राह्यलं, नाही त हवा कमी," ते पुटपुटले. फिल्टर साफ होता. मग लोबान. पंपाचे दोनचार दट्टे मारले आणि टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपच्या खालच्या अंगानं धुराची रेघ निघाली.

पाइप उंदरानं कुरतडला होता.

"आता पाहा," ते आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाले, कारण श्रोत्यांशिवाय त्यांना खुलासा करता येत नसे. "टर्बो हवा कोंबते. गाडीचा मेंदू हवा मोजते अन् तितकं पेट्रोल सोडते. पन मोजलेली हवा इथून सांडली. म्हंजे पंगत पन्नासाची सांगतली, भाजी पन्नासाची केली, अन् जेवाले आले तीस. उरलेली भाजी कुठी जाते? उकिरड्यावर. तसं उरलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते अन् तिथी पेटते. तो तुहा फाट-फाट."

"पन उंदीर गाडीत काऊन येतेत मिस्तरी?"

"तू सांग. गाडी कुठी उभी करतं?"

"ओसरीत."

"अन् कापूस कुठी भरला?"

सुधाकरभाऊंनी सांगून टाकलं. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरला होता, ओसरीला लागून असलेल्या खोलीत, छताला टेकेपर्यंत. आमच्या भागात अशी कितीतरी घरं असतात, जिथं त्या महिन्यांत माणसं अंगणात झोपतात आणि कापूस घरात. सरकी खायला उंदीर येतात, आणि उंदरांना गाडीचं गरम इंजिन आवडतं. हे सगळं कळल्यावर चाचा खूश झाले. पाइप खामगावहून येणार होता. तो येईपर्यंत बाजारात जाऊन येते, असं मी म्हटलं. आरू हॉटेलवालीच्या बाजेवर झोपली होती.

पुढचं मी पाहिलं नाही. ते सुधाकरभाऊंनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना ते सारखे स्वतःच्या हातांकडे बघत होते.

नवा पाइप बसला, प्लग पेट्रोलनं धुऊन परत लागले. गाडी फेरीला नेली, एकदम मऊ चालली. काम संपलं होतं. पण उंदरानं आणखी कुठं वायर खाल्ली का ते पाहतो म्हणून चाचांनी बॉनेटखाली, समोरच्या काचेच्या बुडाशी हात घातला. तिथं एक जाळी असते. गाडीच्या आत बसलेल्यांना जी हवा मिळते ती या जाळीतून जाते. जाळीवर सुतळीनं बांधलेली एक पुरचुंडी होती. धोतराच्या फडक्याची. इंजिनाच्या उष्णतेनं फडकं कुजलं होतं. ओढताच ते फाटलं आणि आतले बारीक दाणे चाचांच्या पेट्रोलनं ओल्या हातांवर, कोपरापर्यंत, शर्टाच्या आत सांडले.

"हे काय होय बे?"

"ते होय? उंदराचं औषध," सुधाकरभाऊ म्हणाले. "कपाशीत टाकतो ते दानेदार. आमच्या इकडं सारेच बांधतेत. बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तवा बांधलं, वासानं उंदीर येत नाही म्हनतेत."

चाचांनी तळहातावरचे दाणे नाकाशी नेले. आयुष्यभर जे केलं तेच केलं. मग शिवी दिली. "गाडीत बांधतेत काय हे? आधी सांगाले काय झालतं?" सुधाकरभाऊ म्हणाले, "तुमी इचारलंच नाही." त्यावर चाचा हसले म्हणे. उलटतपासणीत आपला एक प्रश्न राहिला हे त्यांना पटलं असावं.

त्यांनी दाणे फडक्यानं झटकले. त्याच फडक्यानं मानेवरचा घाम पुसला. आणि मग मिस्तरी लोक रोज जसे हात धुतात तसे धुतले. डबीतल्या पेट्रोलनं, कोपरापर्यंत, चोळून चोळून.

मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की ते विष कातडीतून शिरतं, आणि तेलकट, पेट्रोलसारख्या गोष्टीबरोबर तर आणखी सहज शिरतं. हे ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. आपल्याकडे हजारो गॅरेजं आहेत, आणि प्रत्येक गॅरेजमध्ये पेट्रोलची ती डबी आहे. विष विकणाऱ्या दुकानदारानं शेतकऱ्याला ते गाडीत बांधायला मनाई केली नाही. डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी. गाडी विकणाऱ्यानं ती जाळी कशासाठी आहे हे सांगितलं नाही. आणि या विषाला आपण सगळे, शेतकरी, दुकानदार, सरकारी माणूस, बिनदिक्कत औषध म्हणतो.

मी बाजारातून परतले तेव्हा चाचा बाकावर बसले होते. शर्ट घामानं चिंब, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप फडफडत होते. फवारणी करताना पडलेली माणसं मी पाहिली होती. तशीच ही लक्षणं, पण समोर कपाशीचं एकही झाड नव्हतं. काही क्षण मला कळेचना मी काय बघते आहे. मग मी ओरडले, आणि सुधाकरभाऊंनी त्याच गाडीचं दार उघडलं, कारण दुसरी चालू गाडी गॅरेजमध्ये नव्हती.

चारही काचा खाली करून आम्ही खामगावकडे निघालो. मी मागे, चाचांचं डोकं माझ्या खांद्यावर. आरू पुढे. गाडी एकदाही अडखळली नाही. हे मी विसरू शकत नाही. सुधाकरभाऊंचा मात्र गेअर चुकत होता.

"चौथ्यात काऊन ओढून राह्यला बे," चाचा डोळे मिटूनच म्हणाले. "तिसरा टाक."

मग त्यांना ओकारी झाली. खिडकीबाहेर मान काढून झाली. त्यांनी मान आत घेतली. नंतर डोळे उघडून त्यांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. आरू हनुवटीवरची लाळ बाहीनं पुसत होती.

"सुधाकर," ते म्हणाले. आवाज घोगरा, शब्द तुटक. "तू काच खाली करून चालवतं, थुंकाले. हो ना?"

"हाव."

"अन् पोरगी पुढं बसते. एसीच्या तोंडासमोर."

"हाव मिस्तरी. तुमी बोलू नका आता."

"पोरीले गाडी लागत नव्हती बे. माह्यासारखंच हाय हे. तिले बी दाखव. आधी तिले दाखव."

सुधाकरभाऊंनी गाडी थांबवली नाही, पण त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. मी आरूला मागे ओढून घेतलं. उलटतपासणीतला राहिलेला प्रश्न त्यांनी आता विचारला होता, आणि त्याचं उत्तर स्वतःच्या अंगात वाचून दिलं होतं. मी आजवर किती ओळी लिहिल्या असतील. असं वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलेलं नाही.

दवाखान्यात चाचांनी दारातच डॉक्टरांना हातानं मागे सारलं आणि आरूकडे बोट केलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलीचे डोळे पाहिले, मग चाचांचे, आणि मग काहीही न विचारता दोन्ही खाटांशी सुया भरायला सांगितल्या. आरूला वेळेवर औषध मिळालं. खरं औषध. ती काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेली. आता ती बसमधून शाळेत जाते आणि तिला काहीही लागत नाही.

चाचांना मी शेवटचं पाहिलं ते पडद्याच्या फटीतून. नर्सनं त्यांचे कपडे कात्रीनं कापून काढले होते आणि ती साबणाच्या पाण्यानं त्यांचे हात धूत होती. पुन्हा पुन्हा, नखांच्या आतपर्यंत. ग्रीस निघत होतं, वर्षानुवर्षांचं काळं पाणी बादलीत जात होतं, आणि खालून तळहात निघाले ते गोरे, मऊ, एखाद्या कारकुनासारखे. ते मान वळवून त्या तळहातांकडेच बघत होते. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसे. मग नर्सनं पडदा ओढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

सुधाकरभाऊंना मी दोष देऊ शकत नाही. ज्यानं कपाशीसाठी ते विष आयुष्यभर नुसत्या हातांनी पेरलं, त्याला पुरचुंडीचं भय कुठून असणार? ते भय त्याला कोणीच दिलं नाही, आणि ज्यांनी द्यायला हवं होतं त्यांची यादी लांब आहे. त्यांच्याशी भांडण चालूच राहील. पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत कितीतरी गाड्या गॅरेजमध्ये जातील.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. आज घरी गेल्यावर गाडीचं, ट्रॅक्टरचं, मोटारसायकलचं झाकण उघडून पाहा. घरातल्या कोणी तिथं काही बांधलं आहे का ते विचारा. असेल तर उघड्या हातांनी काढू नका, हुंगू नका, जाळू नका, आणि पेट्रोलनं हात धुऊ नका. रबरी मोजे घाला, साबण आणि भरपूर पाणी वापरा. आणि पुढच्या वेळी गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा, बिघाड सांगण्याच्याही आधी, बॉनेटकडे हात नेणाऱ्या त्या माणसाचं मनगट धरा आणि आत काय आहे ते त्याला सांगा.